खान्देशात फ्लू मोजायचा का, आणि मोजायचा तर कसा?

तापीकाठ (धागा सुरू करणारे)

माझी सगळी नोकरी चोपडा-यावल पट्ट्यात आरोग्य खात्यात झाली. दर पावसाळ्यात एकच गोष्ट पाहत आलो, म्हणून हा धागा काढतोय.

श्रावणात कानबाईच्या रोटांना, म्हणजे आपल्या खान्देशातल्या कुलदेवीच्या सणाला, सुरत, पुणे, मुंबईची मंडळी गावी येतात. पुढच्या पंधरवड्यात ओपीडी तुडुंब. ताप, अंगदुखी, कोरडा खोकला. रजिस्टरच्या निदानाच्या रकान्यात पहिल्या ओळीला 'ताप-सर्दी-खोकला' लिहिलेलं असतं आणि खाली पानभर नुसत्या 'वरीलप्रमाणे'च्या खुणा. त्यात फ्लू किती, डेंग्यू किती, साधी सर्दी किती, हे ना डॉक्टरला ठाऊक, ना तालुक्याला, ना जिल्ह्याला. मग एखादी बाळंतीण नाहीतर चाळिशीतला कर्ता माणूस जातो, पेपरात 'स्वाइन फ्लूचा बळी' छापून येतं आणि चार दिवस धावपळ होते.

देशाचे आकडेही असेच फसवे आहेत. २०१५ साली एच१एन१चे, म्हणजे स्वाइन फ्लूचे, ४२,५९२ रुग्ण आणि २,९९० मृत्यू नोंदले गेले. वाचणाऱ्याला वाटेल, शंभरातले सात मेले. हा आजार इतका जीवघेणा नाही. सरकारी नियमाप्रमाणे 'अ' आणि 'ब' गटातल्या, म्हणजे घरीच उपचार चालणाऱ्या, रुग्णांची चाचणीच होत नाही. धाप लागलेला, छातीत दुखणारा, रक्तदाब उतरलेला 'क' गटातला रुग्ण दाखल झाला की त्याचा स्वॅब जातो. उपचारापुरता हा नियम योग्य आहे. पण साथ कधी चढली, कधी उतरली, कोणत्या वयाला जास्त लागली, हे त्यातून कधीच कळणार नाही.

रोग सर्वेक्षणाची यंत्रणा नाही असं नाही. २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आहे, आता त्याचं ऑनलाइन पोर्टलही आहे. उपकेंद्रातून 'एस', डॉक्टरकडून 'पी', प्रयोगशाळेतून 'एल' फॉर्म जातो. पण फॉर्ममध्ये श्वसनाचे सगळे आजार आणि फ्लूसदृश आजार एकाच ओळीत बसवलेले. खाजगी दवाखान्यांची नोंद तर नावापुरतीच, आणि आपल्याकडे तापाचा रुग्ण आधी जातो खाजगीतच.

माझी सूचना: घरोघर फिरू नका. प्रत्येक तालुक्यात दोन-तीन डॉक्टर निवडा, त्यात किमान एक खाजगी. आठवड्यात एकूण रुग्ण किती पाहिले, आणि त्यातले फ्लूसदृश किती, एवढे दोनच आकडे त्यांनी द्यायचे. फ्लूसदृश म्हणजे मोजलेला ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त, सोबत खोकला, आणि आजार दहा दिवसांच्या आतला. ही जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आहे. त्यातल्या पहिल्या पाच जणांचे स्वॅब धुळे किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवायचे. बाराही महिने, साथ असो वा नसो. ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टरांचं असं जाळं १९५७ साली उभं राहिलं, फ्रान्समध्ये १९८४ साली. आपल्याकडेही पुण्याची एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था) आणि आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) प्रयोगशाळा हे काम करतात, पण निवडक ठिकाणी. पुण्यात काय चाललंय त्यावरून सातपुड्यातल्या धडगावात काय चाललंय ते कसं कळणार?

केळीबाग, रावेर

दादा, तुमच्या नोकरीबद्दल आदर आहे, पण मला हे पटत नाही. ताप मोजून ताप उतरतो का?

आमच्या गावाहून रात्री धाप लागलेला माणूस निघाला तर जवळच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर असेलच याची खात्री नाही. माझ्या चुलत्याला घेऊन आम्ही तीन दवाखाने फिरलो. एकीकडे व्हेंटिलेटर होता, पण तो चालवणारा माणूस सुट्टीवर. तेव्हा मला कोणी सांगितलं असतं की तालुक्यात फ्लू इतके टक्के आहे, तर मी काय केलं असतं? जो पैसा स्वॅबच्या नळ्यांवर आणि गाड्यांवर घालणार, तो ऑक्सिजनवर आणि माणसांवर घाला. फ्लू आलाय हे आम्हाला आकड्याशिवायही कळतं, शाळेचे बाक रिकामे दिसतात.

आकडेमोड (मूळ पारोळ्याचा, सध्या पुण्यात)

केळीबाग भाऊ, तुमच्या चुलत्यांबाबत झालं ते फार वाईट. पण 'फ्लू आलाय हे कळतं' याच्याशी सहमत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात डेंग्यू आणि फ्लू एकदमच येतात. दोन्हींत पहिल्या दोन दिवसांत ताप आणि अंगदुखी सारखीच. डेंग्यूत गाव फवारायचं आणि साठलेलं पाणी काढायचं, फ्लूत त्याचा काडीचा उपयोग नाही. उलट फ्लूवरचं ऑसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत दिलं तर खरं कामाचं. तालुक्यात सध्या काय चाललंय हे ठाऊक असलेला डॉक्टर गरोदर बाईला पहिल्याच दिवशी गोळी सुरू करेल. ठाऊक नसलेला आधी सलाईन लावेल आणि चौथ्या दिवशी जळगावला पाठवेल.

दुसरा मुद्दा लसीचा, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा. लसीत कोणते विषाणू घालायचे हे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा ठरवते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरात दक्षिणेसाठी. आपण नकाशावर उत्तरेत, पण बहुतेक भारतात फ्लूचा मोठा चढ पावसाळ्यात येतो आणि दुसरा जानेवारी-मार्चमध्ये. काश्मीरचं चित्र निराळं, तिथे हिवाळ्यात. म्हणजे आपल्याकडे लस पावसाळ्याआधी, एप्रिल-मे मध्ये टोचली तर फायद्याची. मग खान्देशात कोणता चढ मोठा? पावसाळ्यातला की थंडीतला? जळगाव-भुसावळचा उन्हाळा पंचेचाळीसच्या वर जातो, धुळ्याची थंडी कडक, सातपुड्यात पाऊस वेगळा. हे दुसरीकडच्या तक्त्यावरून ठरवता येत नाही. त्यासाठी इथलेच चार-पाच हंगाम सलग मोजावे लागतात, तेव्हा कुठे 'नेहमीचं किती' याची रेघ ओढता येते. ती रेघ नसेल तर 'साथ वाढली' या वाक्याला अर्थ नाही.

डॉक्टर, पारोळा तालुका

मी बीएएमएस आहे, खेड्यात दवाखाना आहे. खाजगी डॉक्टर माहिती देत नाहीत असा सूर इथे दिसला, म्हणून लिहितो.

माहिती का देत नाही ते ऐका. एकदा मी संशयित रुग्ण कळवला. दुसऱ्या दिवशी गाडी आली, गावात बोभाटा झाला, रुग्णाच्या घरच्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं आणि महिनाभर लोक दुसऱ्या गावच्या डॉक्टरकडे गेले. चाचणीचा निकाल मला आजतागायत कळलेला नाही. सर्वेक्षण म्हणून जो येतो तो तपासणी करायलाच येतो, असा आमचा अनुभव.

आणि वेळेचं काय? पावसाळ्यात सकाळच्या पाळीला साठ-सत्तर पेशंट. प्रत्येकाच्या काखेत थर्मामीटर लावून ३८ अंश बघायचे, खोकला किती दिवसांचा ते विचारायचं, वर नाकातला आणि घशातला स्वॅब घ्यायचा. स्वॅब घेताना पेशंट तोंडावर खोकतो. नळी बर्फात ठेवायची, तिहेरी वेष्टन करायचं, तीन दिवसांच्या आत प्रयोगशाळेत पोचवायची. हे कोण करणार? माझ्याकडे एक कंपाउंडर आहे, तोच केस पेपर काढतो, तोच ड्रेसिंग करतो.

तापीकाठ

डॉक्टरसाहेब, म्हणूनच पाच स्वॅब म्हणतोय, पन्नास नाही. आणि ते रोज नको, आठवड्यातला एक वार ठरवायचा. नमुने नेण्याचं म्हणाल तर प्राथमिक आरोग्य केंद्रातून रक्ताचे आणि टीबीच्या बेडक्याचे नमुने उचलणारी माणसं फिरतातच. रुग्णाचं नाव वर पाठवायची गरज नाही, वय, लिंग, तालुका आणि आजार सुरू झाल्याची तारीख पुरते. निकाल मात्र तुम्हाला मिळालाच पाहिजे, यात तडजोड नको.

आशा कार्यकर्ती, साक्री

तुम्ही सगळे घरोघर नको म्हणताय, ऐकून बरं वाटलं. पण शेवटी ते काम आमच्याच अंगावर येईल ही भीती आहे.

सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' सुरू झालं तेव्हा आम्ही दारोदार फिरलो. तापाची बंदूक एका हातात, ऑक्सिमीटर दुसऱ्या. लोक दार लावून घ्यायचे, कारण नाव लिहिलं की उचलून नेतात असा समज होता. तरी वह्या भरल्या. त्या वह्यांचं पुढे काय झालं ते आम्हाला कोणी सांगितलं नाही. आज माझ्याकडे गरोदर बायांची नोंद, लसीकरण, टीबी, कुष्ठरोगाचा सर्वे, बीपी-शुगरचे फॉर्म, कार्ड काढणं, सगळं आहे, आणि प्रत्येक कामाचा मोबदला वेगळा आणि उशिरा. त्यात फ्लूचा एक ॲप वाढवू नका. जो मोजेल त्याला पैसे द्या आणि वेळेवर द्या.

आबा, अमळनेर

जातीच्या दाखल्यासाठी कोतवाल बुकाच्या नकला काढायला गेलो होतो. गाव नमुना १४, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूची नोंदवही, मोडीतली. वाचणाऱ्याने १९१८ सालची पानं उलटली तेव्हा मी शेजारी बसलो होतो. आश्विन-कार्तिकात पानं एकदम दाट झालेली. एकाच घरातली तीन-तीन नावं, आणि कारणाच्या रकान्यात ओळीमागून ओळ एकच शब्द: ताप. त्या साथीने देशात सव्वा कोटीच्या वर माणसं गेली असं अभ्यासक मानतात, आणि १९११ ते १९२१ या एकाच दशकात जनगणनेत देशाची लोकसंख्या घटलेली दिसते. आमच्या पोलीस पाटलाने जमेल तेवढं लिहिलं. 'मानूस काबर मरना, हाई कोनले माहीत?' (माणूस का मेला, हे कोणाला माहीत?) असं आमची आजी म्हणायची.

शंभर वर्षांनी आपल्या ओपीडीच्या रजिस्टरातही ताप एवढंच लिहिलेलं असेल तर मी तापीकाठ यांच्या बाजूने आहे.

केळीबाग, रावेर

आबा, १९१८ला औषधही नव्हतं आणि ऑक्सिजनही. मोजलं असतं तरी माणसं गेलीच असती. माझा मुद्दा तोच आहे.

सातपुडा, धडगाव (शिक्षक)

तालुक्याला दोन डॉक्टर निवडून मोजणी केली तर आमचा तालुका त्यात दिसणारच नाही, हे कोणाच्या लक्षात आलंय का?

दिवाळीनंतर आमचे पाडे रिकामे होतात. ऊसतोडीला आणि इतर मजुरीला माणसं गुजरातेत जातात, ती थेट होळीच्या आधी, भोंगऱ्याच्या बाजाराला परततात. म्हणजे आकडेमोड म्हणतात तो जानेवारी ते मार्चचा चढ आमची माणसं उसाच्या फडात, कोपीत (पाचटाच्या झोपडीत) काढतात. एका कोपीत सहा-सात जण. आजारी पडलं तर तिथल्या दवाखान्यात नोंद गुजरातची. महाराष्ट्राच्या कागदावर धडगाव निरोगी. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. ताप काही फलाटाच्या मध्यावर उतरून परत फिरत नाही.

दुसरं, पैशाचं. नंदुरबारमध्ये कुपोषण आणि सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) हे रोजचे प्रश्न आहेत. फ्लूच्या नावाने नवीन योजना आली की जुन्या योजनेचा माणूस तिकडे हलवतात, हे मी पाहिलंय. म्हणून मी विरोधात आहे.

आकडेमोड

सर, स्थलांतराचा मुद्दा शंभर टक्के मान्य. मोजणीत भागणारा आकडाच सरकतो: लोकसंख्या जनगणनेची धरायची आणि अर्धं गाव जागेवर नाही. साखर कारखान्याच्या फडाजवळचा एखादा दवाखाना निवडल्याशिवाय आणि सुरत-तापी जिल्ह्यांशी आकडे जुळवल्याशिवाय नंदुरबारचं चित्र खोटंच येईल.

पण सिकलसेलच्या मुद्द्यावर उलटं म्हणेन. केंद्राच्या फ्लूच्या नियमांत जोखमीचे रुग्ण म्हणून जी यादी आहे, गरोदर स्त्रिया, पासष्टच्या वरचे, मधुमेही, हृदय-मूत्रपिंडाचे रुग्ण, त्यात रक्ताचे विकारही आहेत. फ्लूची खरी झळ सिकलसेलच्या मुलांनाच बसते. त्यांच्या वाट्याचा पैसा काढून फ्लूवर घालणं चूकच, पण फ्लू धडगावला कधी येतो हे कळलं तर पहिली लस त्यांना देता येईल.

हृदयाचंही तसंच. २०१८ साली कॅनडात झालेल्या एका अभ्यासात फ्लूचं निदान झाल्यावर पहिल्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण सुमारे सहापट दिसलं. आपल्याकडे असा म्हातारा गेला की 'हार्टने गेला' म्हणतात. फ्लूच्या खात्यावर तो मृत्यू कधीच चढत नाही.

केळीबाग, रावेर

मग डॉक्टर-बिक्टर कशाला निवडता? सगळ्यांच्या हातात मोबाइल आहेत. लोक काय शोधतात ते कंपन्यांना कळतं, तिथून घ्या आकडा. फुकट.

आकडेमोड

तो प्रयोग होऊन गेलाय, भाऊ. गूगलने २००८ साली नेमकं हेच सुरू केलं होतं. २०१२-१३च्या हंगामात त्याचा अंदाज अमेरिकेच्या सरकारी आकड्याच्या दुपटीच्या आसपास गेला आणि २०१५ साली ते बंद केलं. बातम्या बघून घाबरलेली माणसंही तेच शब्द शोधतात. स्वॅबला पर्याय नाही.

तुम्हाला कपाशीच्या भाषेत सांगतो. गुलाबी बोंडअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे (वासाने पतंग ओढणारे) लावतो, सगळी बोंडं फोडून बघत नाही. सलग तीन दिवस सापळ्यात आठ-आठ पतंग आले की फवारणीचा निर्णय. तालुक्याचे दोन डॉक्टर म्हणजे ते सापळे.

केळीबाग, रावेर

हे समजलं. पण सापळा माझ्या शेतात असतो. पतंग मी मोजतो आणि फवारायचं की नाही ते मी ठरवतो. तुमच्या सापळ्यातले पतंग मोजून कोणीतरी पुण्याला पाठवणार, तिथून दिल्लीला. माझ्या हातात काय? ताईंच्या वह्यांचं काय झालं ते त्यांनीच वर सांगितलंय. डॉक्टरांना निकाल कळला नाही, तेही वर आहे. आकडा वर जातो, खाली येत नाही. खाली येणार असेल तर बोला.

तापीकाठ

हा आक्षेप मला मान्य आहे, आणि नवापूरचं उदाहरण त्यासाठीच देतो. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नवापूरच्या कोंबड्यांत सापडला, पुढच्या महिन्यात आपल्या जळगाव जिल्ह्यातही. निदान भोपाळच्या प्रयोगशाळेने केलं. मग लाखो पक्षी मारले, घरोघर तापाची पाहणी झाली, माणसांचे नमुने पुण्याला गेले. माणसात एकही रुग्ण निघाला नाही. यंत्रणा मनावर घेतली की काय करू शकते ते तेव्हा दिसलं. पण पथकं परत गेली तशी पाहणीही गेली. पुढच्या वर्षी नवापुरात माणसांचा साधा फ्लू किती होता, हे विचारायला कोणी आलं नाही. २०२१ साली तिथे पुन्हा बर्ड फ्लू आला तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. कोंबड्यांचा आणि माणसांचा फ्लू एकाच शरीरात मिसळून नवा विषाणू तयार होण्याची भीती ज्या तालुक्यात सर्वांत खरी, तिथे वर्षभराची मोजणी नसावी, हे मला पटत नाही.

तेव्हा सूचनेत एक अट घालतो. दर सोमवारी तालुक्याचा आकडा, दोन ओळींत, ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि प्रत्येक दवाखान्यात लागला पाहिजे. तपासलेले किती, फ्लूचे किती, मागच्या आठवड्यात किती. तो आठवडा चुकला तर वरचा अहवालही अपुरा समजायचा.

केळीबाग, रावेर

आणि आकडा चढला तर गावाने करायचं काय, तेही फलकावर हवं. नाहीतर लोक घाबरतील आणि बाजार बंद करा म्हणतील.

तापीकाठ

बाजार बंद करायचा नाही. घरात गरोदर बाई, शुगरचा, दम्याचा, सिकलसेलचा रुग्ण असेल आणि ताप-खोकला सुरू झाला तर चौथा दिवस बघायचा नाही, दुसऱ्याच दिवशी दवाखाना. ताप आलेलं पोर शाळेत पाठवायचं नाही. धाप लागली, ओठ निळे पडले, तर गावातली सलाईन नको, थेट तालुका. एवढं पुरे.

केळीबाग, रावेर

तालुक्याला डॉक्टर हजर असेल तर. मी अजूनही म्हणतो, आधी तो बसवा. पण फलक लागणार असेल तर मोजणीला माझा विरोध नाही. पैसा मात्र रुग्णालयाच्या खात्यातून काढू नका.

सातपुडा, धडगाव

माझा विरोध कायम आहे, जोपर्यंत फडावरचा दवाखाना यादीत येत नाही.

डॉक्टर, पारोळा तालुका

मी एक वर्ष करून बघायला तयार आहे. बुधवार चालेल, त्या दिवशी आमच्याकडे बाजार नसतो, गर्दी कमी. नाव जाणार नाही हे लेखी पाहिजे, आणि निकाल शनिवारपर्यंत माझ्या मोबाइलवर. कंपाउंडरला स्वॅब घ्यायचं शिकवणार कोण आणि नळ्या, मास्क, बर्फाचा डबा कुठून येणार, हे तापीकाठ दादांनी विचारून सांगावं.

आशा कार्यकर्ती, साक्री

फलक लिहायचं काम कोणाचं, तेही विचारून घ्या दादा. आमच्या यादीत टाकू नका.